वाईन फ्रिजचा ह्युमिडोर करताय? आपल्या मराठवाड्यात या चुका टाळा

व्हिडिओ बघून वाईन फ्रिजचा ह्युमिडोर (म्हणजे सिगार ठेवायची, ओलावा राखणारी पेटी) करणारे आपल्याकडं आता बरेच झालेत. कुणाचा भाऊ दुबईला असतो, कुणी वाळूजच्या कंपनीकडून बाहेर जाऊन येतं, येताना सिगारचा एखादा चांगला बॉक्स येतो अन् मग प्रश्न पडतो की मे महिन्यात हे ठेवायचं कुठं. आयडिया चांगलीच आहे, कारण साधा लाकडी ह्युमिडोर ओलावा धरतो पण थंड राहत नाही. (तंबाखू तब्येतीला वाईटच आहे, यातून कुणी नव्यानं सुरुवात करू नये, हे ज्यांच्याकडं सिगार आधीच आहेत त्यांच्यासाठी आहे.) अडचण एवढीच की यावरचं बहुतेक लिखाण अमेरिका-युरोपातल्या 22-23 डिग्रीच्या घरांसाठी आहे, तेच जसंच्या तसं लातूर-परभणीत केलं की सिगार एकतर वाळतात नाहीतर बुरशी धरतात.

सिगारला लागतं काय ते आधी बघू, 18 ते 21 डिग्री तापमान अन् 65 ते 70 टक्के आर्द्रता. बस. सगळी मारामारी हे दोन आकडे एकत्र टिकवण्याची आहे.

पहिली चूक: "पेल्टियरच घ्या, कंप्रेसर नको" हे डोळे झाकून ऐकणं

वाईन फ्रिज दोन प्रकारचे येतात. एक थर्मोइलेक्ट्रिक म्हणजे पेल्टियरवाला, आवाज नाही, कंप्रेसर नाही, आत एक थंड प्लेट अन् छोटा पंखा. दुसरा आपल्या घरच्या फ्रिजसारखा कंप्रेसरवाला. बाहेरचे लोक पेल्टियर सुचवतात कारण कंप्रेसरची कॉईल एकदम गार होते अन् हवेतला ओलावा तिच्यावर पाणी होऊन वाहून जातो. हे खरंच आहे. पण पेल्टियर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण 12 ते 15 डिग्रीच खाली जाऊ शकतो, चांगला असला तर थोडा जास्त. आता नांदेडला किंवा परभणीला मे महिन्यात वरच्या मजल्यावरची खोली दुपारी 39-40 ला असते, म्हणजे फ्रिजच्या आत 25-26. तुम्ही डिस्प्लेवर 18 लावा नाहीतर 12 लावा, तो जाणारच नाही, नुसता रात्रंदिवस चालत राहील. अन् असा न थांबता चालणारा पेल्टियर सुद्धा ओलावा खातो हे कुणी सांगत नाही! थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तेच इथं होतं, 25 डिग्रीला 68 टक्के ओलावा असलेली हवा 18-19 डिग्रीच्या खालच्या कुठल्याही गोष्टीला लागली की तिथं दव धरतं, अन् ती प्लेट तर त्याहून गार असते. म्हणजे थंडावाही नाही अन् ओलावाही गेला, दोन्ही बाजूंनी नुकसान.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडं आधी खोली ठरवा, मग मशीन. जुनं माळवदाचं घर असेल, जाड मातीच्या भिंतीची आतली खोली असेल, किंवा तळमजल्याची उत्तरेकडची खोली असेल जी उन्हाळ्यातही 32-33 च्या वर जात नाही, तर पेल्टियर मजेत चालतो. स्लॅबखालची खोली असेल, जी रात्री बारापर्यंत वाफा सोडते, तर तिथं पेल्टियर नकोच, कंप्रेसरवाला घ्या अन् त्याला बाहेरून थर्मोस्टॅट कंट्रोलर लावा. सेन्सरची वायर आत सिगारच्या शेल्फजवळ सोडायची, 20-21 ला सेट करायचं, चालू अन् बंद होण्याच्या तापमानात दीड-दोन डिग्रीचा फरक ठेवायचा अन् कंप्रेसर डिले (बंद झाल्यावर परत चालू व्हायच्या आधीची थांबायची वेळ) 5 मिनिटं, म्हणजे तो सारखा चालू-बंद होत नाही. फ्रिज दिवसातून जितका कमी वेळ चालेल तितका ओलावा टिकतो. उन्हाळ्यात 18 चा हट्ट सोडा. 21 ला सिगारचं काही बिघडत नाही.

कुलरबद्दल सगळेच विचारायलेत म्हणून सांगतो, खोलीत डेझर्ट कुलर चालू असला तर पेल्टियरला मदतच होते कारण कोरड्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान बरंच उतरतं. फक्त कुलरचा झोत थेट फ्रिजच्या मागच्या जाळीवर नको, पाण्याचे बारीक थेंब अन् क्षार तिथं जाऊन बसतात. मागं अन् बाजूला मोकळी जागा हवीच, किचनच्या ओट्याखाली किंवा कपाटात फिट्ट बसवलेला फ्रिज स्वतःचीच गरम हवा परत ओढत राहतो. अन् काचेचा दरवाजा खिडकीच्या उन्हाकडं करू नका.

लाकूड

आत शेल्फला स्पॅनिश सीडर वापरतात. नावात सीडर आहे पण ते झाड महोगनी-कडुनिंबाच्या कुळातलं. लाकडाच्या दुकानात जाऊन नुसतं सीडर मागितलं तर देवदार दाखवला जाण्याची शक्यता जास्त, अन् देवदाराचं तेल इतकं वासाचं असतं की महिन्याभरात सगळ्या सिगार त्याच वासाच्या होतात, तो वास परत जात नाही. प्लाय, एमडीएफ, सनमायका, पॉलिश, वॉर्निश यातलं काहीच आत नको, जोडायला फेव्हिकॉल पण कमीत कमी, खाच पाडून बसवता आलं तर सुताराला तेच सांगा. स्पॅनिश सीडर मिळत नसेल तर खोटं लाकूड घालण्यापेक्षा फ्रिजच्या तारेच्या रॅकवर सिगारच्या मूळ बॉक्सच ठेवा, बऱ्याच बॉक्स त्याच लाकडाच्या असतात.

लाकूड कोरडं असताना सिगार ठेवणं ही लई जणांची चूक आहे. आपल्याकडं मार्च ते जून हवा इतकी कोरडी असते की नवीन शेल्फ सिगारमधलाच ओलावा ओढून घेतं. आधी 84 टक्केवाली सीझनिंगची पाकिटं (लाकडाला हळूहळू ओलावा देणारी) टाकून दोन आठवडे दरवाजा बंद ठेवा. ओल्या फडक्यानं लाकूड पुसू नका, फळी वाकते.

नवीन फ्रिजला प्लास्टिकचा वास असतो तो आधी घालवा, खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसायचं, चुरगळलेले पेपर भरायचे, आठवडाभर दरवाजा उघडा. फिनाईल नको. कापूर आणि डांबराच्या गोळ्या तर बिलकुल नको.

पाणी अन् आर्द्रता

बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती असतात ते गिझरची कॉईल बघून कळतं, ते बीड्सची (आर्द्रता राखणाऱ्या बारीक मण्यांची) छिद्रं बुजवतात. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार राहतातच, म्हणून डिस्टिल्ड वॉटर घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला जे मिळतं तेच, फक्त लेबल नीट वाचून, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं.

वाटीत पाणी किंवा ओला स्पंज ठेवून काम भागवणारे जुलैपर्यंत खुश असतात, मग बाहेरची हवाच 80 टक्क्यांच्या वर गेली की आतला आकडा 75 पार करतो अन् बुरशी येते. वाटीला फक्त ओलावा देता येतो, परत घेता येत नाही. बोवेडासारखी दोन्हीकडं काम करणारी, म्हणजे ओलावा देणारी अन् जास्त झाला तर परत घेणारी पाकिटं किंवा आर्द्रतेचे बीड्सच घ्या. हिशोब 25 सिगारच्या जागेमागं 60 ग्रॅमचं एक पाकीट, फ्रिज उन्हाळ्यात जास्त चालत असेल तर त्याहून जास्त ठेवा. मी उन्हाळ्यात 69 टक्क्यांची अन् पावसाळ्यात 65 टक्क्यांची पाकिटं ठेवतो.

हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजायच्या मीटरवर) आल्या आल्या विश्वास ठेवू नका, स्वस्तातले पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थोडे थेंब पाणी, मीठ ओलं दिसावं पण विरघळू नये, मग झाकण अन् मीटर दोन्ही झिपलॉकच्या पिशवीत रात्रभर. आकडा 75 यायला पाहिजे. 71 आला तर तुमचा मीटर 4 नं कमी दाखवतो, ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. वरच्या अन् खालच्या शेल्फवर वेगवेगळे आकडे येत असतील तर आत हवा फिरत नाही, शेल्फ ठासून भरलेत का बघा, नाहीतर कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावा, तासातून काही मिनिटं चालला तरी पुरतो.

तळाला पाणी जायचं भोक असतं. पेल्टियर असेल तर ते बंद करावं, कारण ओलावा तिथूनच जातो, पण बंद केल्यावर पहिले काही दिवस तळ बघत राहा. पाणी साठत असेल तर सेटिंग फार खाली आहे, ते वाढवा. कंप्रेसरवाल्याचं भोक उघडंच राहू द्या.

भुंगा

वसमत-हिंगोलीकडं हळद साठवणाऱ्यांना हा माहीतच असणार, हळदीला बारीक छिद्रं पाडणारा जो तपकिरी भुंगा असतो तोच सिगारेट बीटल, अन् तंबाखू त्याचं आवडतं खाणं. अंडी तंबाखूसोबतच येतात, तापमान 24 च्या वर राहिलं की लवकर फुटतात. म्हणून वर तापमानाचं एवढं लांबवलं. एका सिगारला टाचणीएवढं भोक दिसलं की सगळ्याच बाहेर काढा, दुहेरी झिपलॉकमध्ये हवा काढून एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, तीन दिवस डीप फ्रीजरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये, मग खोलीत. आधीची अन् नंतरची साध्या फ्रिजची पायरी गाळली तर पानाला तडे जातात. पिशवी गार असताना उघडली तर सिगारवर दव बसतं. घरात हळद-धने साठवत असाल तर तेही तपासा अन् ह्युमिडोर त्या खोलीत ठेवू नका.

पांढरे केसाळ डाग म्हणजे बुरशी. वरच्या पानावर असेल तर कोरड्या फडक्यानं पुसून वेगळी ठेवा, पेटवायच्या टोकाला आत शिरलेली असेल तर टाकून द्या.

लाईट गेली तर

दरवाजा उघडू नका, एवढंच. फ्रिज बंद पडला तरी इन्सुलेशनचा बॉक्स आहेच, भरलेला असेल तर दोन-तीन तासांत आत फार फरक पडत नाही, उघडून बघण्यानंच जास्त पडतो. पेल्टियर घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. कंप्रेसरवाला लावायचा असेल तर इन्व्हर्टरची क्षमता इलेक्ट्रिशियनला विचारूनच लावा, कंप्रेसर सुरू होताना झटक्यात कितीतरी पट करंट ओढतो. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात स्टॅबिलायझर लावा. अन् लाईट परत आल्यावर डिस्प्ले बघा, काही मशीन आपोआप फॅक्टरी सेटिंगला जातात, तुम्ही 20 लावलेलं असतं अन् ते 12 वर चालत बसतं.