फॉर्म्युलाच्या डब्यातलं शिसं, जंतू आणि ते आकडे कसे वाचायचे

मुलगी दीड महिन्याची होती तेव्हा कोणीतरी फॉर्म्युलाच्या (म्हणजे बाळाच्या पावडरच्या दुधाच्या) टेस्टिंगचा एक तक्ता मला फॉरवर्ड केला. ब्रँडची नावं, समोर शिशाचे आकडे, लाल-हिरवे रंग. रात्री दोन वाजता एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात फोन, आणि आमचा डबा लाल रंगात! पोटात गोळाच आला. सकाळी शांतपणे हिशोब केला तेव्हा कळलं की तक्त्यातले आकडे पावडरचे होते आणि मी ज्या मर्यादेशी ते ताडून बघत होते ती तयार दुधाची होती. तर सुरुवात इथूनच करा, आकडा कशाचा आहे, पावडरचा की दुधाचा?

साधारण १३ ग्रॅम पावडरचं १०० मिली दूध होतं (नेमकं प्रमाण तुमच्या डब्यावर छापलेलं असतं, स्कूपचं वजन आणि पाणी किती ते बघा). म्हणजे पावडरमध्ये जे काही असेल ते दुधात साडेसात-आठ पट पातळ होतं. आता गंमत बघा. कोडेक्स म्हणून अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था आहे, तिची शिशाची मर्यादा आहे किलोला ०.०१ मिलिग्रॅम, पण ती तयार दुधासाठी. युरोपियन युनियनची पावडरसाठीची मर्यादा ०.०२०. बघताक्षणी वाटतं की युरोपवाले दुप्पट सैल आहेत, पण ते ०.०२० पाण्यात कालवलं की राहतं ०.००२६ च्या आसपास, म्हणजे उलट जवळपास चौपट कडक. तक्ते बनवणारे अर्धे लोक इथेच घसरतात असं माझं मत झालंय.

पुढची पायरी म्हणजे तो आकडा बाळाच्या पोटापर्यंत नेणं. बाळ दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली दूध पितं, म्हणजे ५ किलोचं बाळ पाऊण लिटर. ६० किलोच्या माणसाने याच हिशोबाने प्यायचं म्हटलं तर रोज ९ लिटर होईल, आणि तेही महिनोन्‌महिने दुसरं काहीच न खाता! लहान मुलांचं शरीर शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषतं ते वेगळंच. म्हणून मोठ्यांच्या दुधाची मर्यादा बाळाच्या डब्याला लावता येत नाही. आता पाऊण लिटर दुधाला पावडर लागते जवळपास १०० ग्रॅम, त्यात युरोपच्या मर्यादेइतकं शिसं असेल तर दिवसाला सुमारे २ मायक्रोग्रॅम पोटात जाईल. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणारी संस्था) लहान मुलांसाठी धरलेली संदर्भपातळी आहे दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे कसंबसं आत. कोडेक्सच्या मर्यादेपर्यंत भरलेलं दूध असेल तर साडेसात मायक्रोग्रॅम. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, त्यामुळे ‘मर्यादेच्या आत’ याचा अर्थ विकायला परवानगी आहे इतकाच घ्यायचा, अजून कमी करायला वाव असतोच. पण म्हणून घाबरून दूध पातळ करू नका किंवा घरी फॉर्म्युला बनवायच्या भानगडीत पडू नका, त्याने होणारं नुकसान यापेक्षा मोठं आणि लगेचचं असतं.

रिपोर्टमध्ये ‘नॉट डिटेक्टेड’ लिहिलेलं असेल तर ते शून्य नसतं, मशीन ज्याच्या खाली मोजू शकत नाही तेवढं, एवढंच. ती खालची हद्द किती ते रिपोर्टमध्ये शोधा, नसेल तर कंपनीला मेल टाकून विचारा. आणि तपासलं काय काय तेही बघा, कारण जे शोधलं नाही ते सापडत नाही. २००८ साली चीनमध्ये हेच झालं. दुधात पाणी घालायचं आणि प्रोटीन कमी दिसू नये म्हणून मेलामाइन, हे प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन. प्रोटीनची नेहमीची टेस्ट मुळात नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनमध्ये दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो, मग काय, टेस्ट पास! जवळपास ३ लाख बाळं आजारी पडली, ६ दगावली. त्यानंतर २०१० मध्ये कोडेक्सने पावडरसाठी किलोला १ मिलिग्रॅम अशी मेलामाइनची मर्यादा घातली.

जंतूंचं गणित वेगळं. कोडेक्सच्या निकषात साल्मोनेलासाठी २५ ग्रॅमचे ६० नमुने आणि क्रोनोबॅक्टरसाठी १० ग्रॅमचे ३० नमुने घ्यायचे आणि एकातही जंतू सापडता कामा नये. तरीसुद्धा पावडर निर्जंतुक नसते, हे डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं खरंतर. क्रोनोबॅक्टर कोरड्या पावडरमध्ये महिनोन्‌महिने तग धरतो, आणि दोन महिन्यांच्या आतल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला झाला तर जिवावर बेततं. अशा बाळांसाठी मिळत असेल तर तयार द्रवरूप फॉर्म्युला बरा, तो निर्जंतुक केलेला असतो. पावडरच वापरणार असाल तर डब्ल्यूएचओचं सांगणं असं, पाणी उकळा, अर्ध्या तासाच्या आत वापरा म्हणजे ते ७० अंशांच्या वर असतं, त्यात पावडर घाला, मग बाटली नळाखाली धरून गार करा आणि मनगटावर थेंब टाकून बघूनच पाजा. बऱ्याच डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं, त्यात प्रोबायोटिक (पोटाला चांगले म्हणून घातलेले जंतू) मरू नयेत हा हेतू असतो, पण कोमट पाण्यात हे जंतूही मरत नाहीत. लहान बाळ असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. बनवलेलं दूध दोन तासांत संपवा, बाळाने तोंड लावून उरवलेलं ओतून द्या, आमच्याकडे यावरून बरेच वाद झालेत पण मी ऐकलं नाही.

आणि पाणी! डब्यासाठी सगळे नियम आहेत पण दुधात नव्वद टक्के पाणी तुमचं. उकळल्याने जंतू मरतात, शिसं आणि नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की थोडं वाढतंच. जुन्या पाइपमध्ये शिसं असू शकतं, म्हणून गरम नळाचं पाणी घेऊच नका, सकाळचं गार पाणी थोडं वाहू देऊन मग भरा. विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर नायट्रेट तपासून घ्या, लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते बाळाला नको, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होऊन बाळ निळं पडू शकतं.

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे. नवीन डबा उघडला की बुडाशी छापलेला बॅच नंबर आणि तारीख यांचा फोटो काढून ठेवा, आणि पावडर सुंदरशा बरणीत ओतू नका. मी ओतली होती, आणि डबा फेकून दिल्यावर चारच दिवसांनी एका रिकॉलची, म्हणजे कंपनीने माल परत मागवल्याची, बातमी वाचली, तीही आमच्याच ब्रँडची. बॅच कोणती, काही पत्ताच नाही, अख्खी बरणी टाकावी लागली. रिकॉल झालेला डबा सापडला तर पाजणं लगेच थांबवा पण डबा फेकू नका, बंद करून ‘वापरू नये’ असं लिहून वेगळा ठेवा, बाळ आजारी पडलं तर तपासायला तोच लागतो. ताप, दूध न ओढणं, खूप सुस्ती किंवा वेगळंच रडणं यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा, आणि जाताना तो डबा सोबत न्या.