स्वमग्न मुलाची दहावी: कामाला आठवीतच लागा

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे दहावीसाठी कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या सवलतींचा, म्हणजे जादा वेळ, लेखनिक वगैरेंचा, प्रस्ताव शाळेमार्फत तिथे जातो. फॉर्म भरायची वेळ आल्यावर प्रमाणपत्रासाठी धावपळ सुरू केली, तर मूल हक्काची सवलत गमावून बसते.

आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र). स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग रुग्णालयात तपासणी. स्वमग्नता मोजायच्या ‘आयसा’ मापनपट्टीत ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बरेच मुद्दे पालकांच्या सांगण्यावर ठरतात, आणि इथेच घोटाळा होतो. मूल तपासणीच्या खोलीत शांत बसते, आई-बाबा ‘तसा हुशार आहे’ म्हणतात आणि गुण, म्हणून टक्केवारीही, कमी पडते. घरातले, शाळेतले प्रसंग लिहून न्या. ‘हट्टी आहे’ असे मोघम नको. ‘घंटा झाली की कान दाबून बाकाखाली बसतो’ असे लिहा. प्रमाणपत्र हाती आल्यावर तीन गोष्टी तपासा: त्यावर स्वमग्नता लिहिली आहे ना, टक्केवारी ४० किंवा जास्त आहे ना, आणि तात्पुरते असेल तर मुदत दहावीच्या परीक्षेपलीकडे जाते ना. नाव आणि जन्मतारीख आधार, शाळेचे जनरल रजिस्टर आणि कार्ड यांवर अक्षरशः सारखी हवी.

मुख्याध्यापकांकडे प्रस्तावाची मागणी लेखी करा, पोच घ्या. शाळेला माहिती नसेल, तर पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठा.

जादा वेळ तासाला २० मिनिटे मिळतो. म्हणजे भाषेचा ३ तासांचा पेपर ४ तासांचा होतो. मुलाला इतका वेळ बसायची सवय आहे का, हे नववीतच पाहा. नसेल तर दर आठवड्याला १५-२० मिनिटे वाढवत न्या.

लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा, खालच्या इयत्तेतला लागतो. तो मिळाला म्हणजे काम झाले, असे समजू नका. स्वमग्न मुलाला उत्तर येत असते, पण अनोळखी माणसाला ते सांगणे जमत नाही. लेखनिकाला सुचवायची परवानगी नसते, त्यामुळे कोरे पान तसेच राहते. एकच लेखनिक ठरवून किमान २० सराव पेपर सोडवून घ्या. ‘आता पुढचा प्रश्न’, ‘इथे खोड’, ‘पुन्हा वाच’ ही वाक्ये मुलाच्या तोंडी बसू द्या. ‘तुमचे मत लिहा’ हा प्रश्न बहुतेकांना अडवतो. त्यासाठी ठरावीक साचा द्या: मत एका वाक्यात, दोन कारणे, एक उदाहरण.

परीक्षा केंद्र आधी दाखवून आणा. बाक, स्वच्छतागृह, पंख्याचा आवाज, बारकोड चिकटवणारे पर्यवेक्षक, सगळे.

गणितासाठी सोपा पर्याय घेण्याआधी पुढे काय शिकायचे ते ठरवा. काही अभ्यासक्रमांना दहावीचे गणित लागते. ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के राखीव जागा आहेत.

सगळे विषय एकदम झेपणार नसतील, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय हा कमीपणाचा रस्ता मुळीच नाही. वय १४ पूर्ण हवे. ५ विषय, त्यांसाठी ५ वर्षे आणि ९ संधी. एका वेळी दोनच विषय दिले तरी चालते. मात्र तिथला प्रवेश पक्का होईपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला काढू नका.