पुलास्कीच्या निशाणाबद्दल लिहिताय? या चुका टाळा

गोष्ट साधारण अशी सांगितली जाते. अमेरिकी क्रांतियुद्धात लढायला आलेला पोलिश सेनानी काझिमिर पुलास्की मोहिमेवर निघाला. अमेरिकेतल्या बेथलेहेम गावच्या मठातल्या नन्सनी वेदीसमोर, धुपाच्या दरवळात, स्वतः शिवलेलं निशाण त्याच्या हाती दिलं. पुढे तो धारातीर्थी पडला आणि तेच निशाण त्याचं कफन झालं.

हे सगळं आलंय हेन्री लाँगफेलोच्या १८२५ सालच्या कवितेतून. कवी तेव्हा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. कविता म्हणून ती जरूर वाचा. पण तिला पुरावा मानू नका. बाकीच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात.

कफनाचंच पाहा. हे निशाण आजही आहे, बाल्टिमोरच्या मेरिलँड सेंटर फॉर हिस्टरी अँड कल्चरमध्ये. किरमिजी रेशमाचं, लांबी-रुंदी जेमतेम वीस इंच, म्हणजे मोठ्या रुमालाएवढं. घोडेस्वाराला भाल्यावर पेलायचं म्हणून ते इतकं लहान. त्यात माणूस गुंडाळणार कसा? ९ ऑक्टोबर १७७९ रोजी सव्हानाच्या हल्ल्यात पुलास्कीला तोफेच्या छऱ्याची जखम झाली आणि दोन दिवसांनी तो गेला. निशाण मात्र वाचलं. त्याच्या पथकातला कॅप्टन पॉल बेंटालू यानं ते बाल्टिमोरला आणलं. १८२४ मध्ये लाफायेत, म्हणजे याच युद्धात अमेरिकेच्या बाजूनं लढलेला फ्रेंच सेनानी, तिथे आला तेव्हा ते मिरवणुकीत होतं. नंतर ते पील यांच्या संग्रहालयात राहिलं आणि १८४४ मध्ये मेरिलँडच्या इतिहास संस्थेकडे आलं. एवढा माग हाती असताना ‘निशाण सेनानीबरोबर मातीआड झालं’ असं छापू नये.

आता ज्यांच्या हातचं हे काम मानलं जातं, त्यांच्याबद्दल. सर्वांत जास्त अन्याय त्यांच्यावरच होतो. हे बेथलेहेम पेनसिल्वेनियातलं, मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी १७४१ मध्ये वसवलेलं. पंथ प्रोटेस्टंट, मुळं बोहेमियातल्या धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांपर्यंत जाणारी. (लेहमध्ये मोरेव्हियन चर्च पाहिलं असेल, ते याच पंथाचं, तिथलं मिशन १८८५ चं.) या बायका कॅथलिक नन्स नव्हत्या. त्या ‘सिंगल सिस्टर्स’, म्हणजे भगिनीगृहात एकत्र राहणाऱ्या अविवाहित स्त्रिया. त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतलेली नव्हती. लग्न ठरलं की त्या भगिनीगृह सोडत. सूतकताई, विणकाम, भरतकाम हे त्यांचं रोजचं काम, आणि त्यातून वस्तीला पैसाही मिळे. म्हणूनच निशाण भेट म्हणून दिलं असं ठामपणे लिहू नका. पुलास्कीनं ते पैसे देऊन करवून घेतलं असणं जास्त संभवतं. त्यांच्या उपासनेत धूपदानं नसत, आणि हा पंथ तर शस्त्र धरायलाच नकार देणारा. निशाणाच्या अर्पणसोहळ्याचं चित्र कवीचं आहे. या कुशल कारागीर स्त्रियांना मेणबत्त्यांच्या उजेडातल्या सावल्या करून टाकणं मला खटकतं.

सालाची गल्लतही नेहमीची. ब्रँडीवाइनच्या लढाईत जखमी झालेला लाफायेत १७७७ च्या शरदात बेथलेहेममध्ये उपचार घेत होता, म्हणून काहीजण निशाण त्याच वर्षात ढकलतात. पण पुलास्कीच्या स्वतंत्र पथकाला काँग्रेसनं, म्हणजे बंडखोर अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधी सभेनं, मंजुरी दिली मार्च १७७८ मध्ये. पथकच नव्हतं तर त्याचं निशाण कुठून येणार?

लेखासोबत चित्र लावताना एकदा थांबा. यावर अमेरिकी झेंड्याचे पट्टे नाहीत. एका बाजूला ‘यू. एस.’ ही अक्षरं आणि ‘एकजुटीनं शौर्य वाढतं’ अशा अर्थाचं लॅटिन वचन. दुसरीकडे त्रिकोणातला डोळा, भोवती तेरा तारे आणि ‘दुसरा कोणी राज्य करत नाही’ अशा अर्थाचं वचन. चित्रात पट्टे दिसले तर ते दुसऱ्याच कशाचं तरी आहे.

आणि एक उलटी चूक. कविता कल्पित निघाली म्हणून सगळी कथाच खोटी ठरवू नका. पुलास्की १७७८ मध्ये बेथलेहेमला आला होता, निशाण खरं आहे, आणि ते तिथल्या भगिनींच्या हातचं ही परंपरा कवितेवर उभी नाही. चित्राखाली ‘मोरेव्हियन भगिनींचं भरतकाम, बेथलेहेम, १७७८’ एवढं लिहिलं तरी पुरे.