हायवेला लागून असलेला फ्लॅट विकायचाय? आधी आवाजाचं बघा

आमचा पुण्यात वारज्यातला टू बीएचके, बेडरूमची खिडकी उघडली की समोर बायपास, म्हणजे मुंबई-बंगळूर हायवे. बरीच वर्षं राहिलो तिथे, कान इतके सरावले होते की आवाज आहे हेच विसरलो होतो, आणि विकायला काढल्यावर पहिलंच जोडपं बघायला आलं त्यातल्या ताईंनी हॉलमध्ये पाय टाकल्या टाकल्या विचारलं, "रात्री पण असंच असतं का हो?" पाच मिनिटांत चहा न घेता गेले. त्यानंतर जे शिकलो ते लिहितोय, ज्यांचं घर हायवे, फ्लायओव्हर नाहीतर मोठ्या चौकाला लागून आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी स्वतः ऐका. दोन दिवस बाहेर राहून या आणि परत आल्यावर दार उघडलं की जे ऐकू येईल तेच गिऱ्हाईकाला ऐकू येणार आहे. मोबाईलवर डेसिबल मोजायचं फुकट अ‍ॅप घ्या, त्याचा आकडा अगदी अचूक नसतो पण या खोलीत जास्त का त्या खोलीत, खिडकी लावल्यावर किती उतरला, एवढं कळायला पुरतो. नियमात, म्हणजे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात, रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आमच्या बेडरूमला ती रात्री कधीच पाळली गेली नाही, ट्रक रात्रीच जास्त. मोजताना लक्षात ठेवा, १० डेसिबल कमी झाले की कानाला साधारण अर्धाच आवाज वाटतो, त्यामुळे पाच-सात डेसिबल उतरले तरी खूप फरक पडतो.

मग उदबत्ती घ्या. खरंच. पंखे बंद करा, सगळ्या खिडक्या लावा आणि पेटवलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा, धूर जिथे हलतो तिथून हवा येते आणि जिथून हवा येते तिथून आवाज पण येतो. आमच्याकडे दोन स्लायडिंग शटर जिथे एकमेकांवर येतात तिथे धूर सरळ आडवा झाला, तिथली फट बुजवणारी केसाळ ब्रशची पट्टी झिजून गेली होती. एसीच्या पाइपचं भोक, बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या, मेन डोअरच्या खालची फट, हे सगळं सिलिकॉन आणि रबरपट्टीने बुजवलं, खर्च अगदी थोडा आणि फरक मात्र लगेच कळला.

खिडक्या बदलायच्या तर सगळ्या घराच्या बदलू नका, पैसे वसूल होत नाहीत. फक्त हायवेकडच्या बेडरूमची बदला, कारण माणूस झोपेचाच विचार करतो. स्लायडिंग घेऊ नका, बिजागरीची, हँडल फिरवून रबरावर घट्ट दाबून बसणारी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची घ्या. काचेबाबत दुकानदार डबल ग्लास डबल ग्लास करतात पण दोन्ही काचा सारख्याच पातळ आणि मधली फट बारीक असेल तर ट्रकची घरघर बऱ्यापैकी आत येते, त्यापेक्षा जाड लॅमिनेटेड काच (दोन काचा मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या) किंवा दोन वेगवेगळ्या जाडीच्या काचा मागा. तेवढं बजेट नसेल तर जुनी खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी बसवा, मध्ये चार इंच जागा सुटली तर ती पण छान काम करते. बाहेरून बदल करताना सोसायटीला आधी लेखी कळवा. भिंतीला फोम, अंड्यांचे ट्रे यावर पैसे घालवू नका, त्याने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरचा अडत नाही. जाड पडद्याचंही जवळपास तसंच. आणि खिडकी बंद म्हणजे हवा बंद, तेव्हा त्या खोलीत एसी चालू स्थितीत हवा.

एक गोष्ट लोक विसरतात, धूळ. हायवेची धूळ काळी आणि चिकट असते, खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं की समजतं. दर व्हिजिटच्या आधी पट्टी, जाळी, ग्रिल ओल्या फडक्याने पुसायचं, बाल्कनी धुवायची. एका काकांनी आल्या आल्या बोट फिरवूनच बघितलं होतं.

आता महत्त्वाचं. आमचा एजंट म्हणाला रविवारी सकाळी लवकरच दाखवू, ट्रॅफिक नसतं, आणि फोटोत हायवे येऊ देऊ नका. दोन गिऱ्हाईकं तशी आली, दुसऱ्यांदा संध्याकाळी आली आणि फसवल्यासारखं तोंड करून गेली. मग आम्ही उलटं केलं. जाहिरातीतच "हायवे टच" लिहिलं, संध्याकाळी सातला बोलवायचो, आधी खिडकी उघडून ऐकवायचो, मग लावून ऐकवायचो. टीव्ही, गाणी काही नाही. माणसाला दोन्हीतला फरक स्वतःच्या कानाने कळला की तो पुढचं बोलतो. आवाज कुणालाही ऐकू येतो, तो लपवता येणारच नाही, पण विचारल्यावर खोटं सांगितलं की कागदपत्रांवरचा पण विश्वास उडतो.

किमतीचं म्हणाल तर आपल्याच सोसायटीतल्या मागच्या, गार्डन साइडच्या फ्लॅटचा भाव आपला भाव नाही हे पहिल्या दिवशी मान्य करा. नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा किमतीसकट सारांश, शोधून अलीकडचे खरे व्यवहार बघा आणि त्यातले रस्त्याकडचे कोणते ते वॉचमनला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. आम्ही ७८ लाख धरून बसलो होतो, चार महिने फुकट गेले, शेवटी ७१ ला झालं. फार खाली उतरण्याआधी रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला भाव पण बघा, व्यवहार त्याच्याखाली झाला तरी स्टॅम्प ड्युटी रेकनरवरच लागते.

आणि गिऱ्हाईक कोण याचा विचार करा. शांतता हवी असलेल्याला कितीही समजावलं तरी तो घेणार नाही. ज्याला हायवेच हवाय तो शोधा, हिंजवडीची कंपनीची बस पकडणारे, भाड्याने द्यायला घेणारे, सातारा-कोल्हापूरकडचे. आमचा फ्लॅट कराडच्या एका मुलाने घेतला, त्याचे आईवडील महिन्यातून दोनदा येतात, त्यांना पुलाखाली उतरून चालत घरी येता येतं याचंच त्याला अप्रूप होतं, आवाजाचं त्याने एकदाच विचारलं.

चावी देताना त्याला खिडकीचं वॉरंटी कार्ड आणि बसवणाऱ्याचा नंबर दिला, आणि रबर उन्हाने कडक होतं ते अधूनमधून दाबून बघत जा, कडक लागलं की बदलून घे म्हणून सांगितलं.