भयकथेतला संकेत मोडायचा कसा?

दार करकरलं की मागून मांजर निघणार, घर स्वस्तात मिळालं की तिथे कुणीतरी मेलेलं असणार, हे भयकथेचे संकेत, म्हणजे ठरलेल्या रीती, वाचकाला पाठ असतात. खेळायचं ते त्याच्या या अंदाजाशीच. लिहायला बसण्याआधी दोन ओळी कागदावर उतरवा: वाचक काय धरून चालेल, आणि प्रत्यक्षात काय घडणार. दुसरी ओळ पहिलीच्या नुसती उलट असेल तर टाकून द्या. 'भूत नव्हतंच' हा शेवटही आता सगळ्यांना पाठ झालाय.

एका कथेत एकच संकेत मोडा, बाकीचे निमूट पाळा. तीन-चार मोडले की वाचक अंदाज बांधणंच सोडतो, मग धक्का बसणार कशाला? 3,000 शब्दांच्या कथेत पहिले हजारभर शब्द ओळखीच्या वाटेनेच जाऊ द्या. हुलकावणी फार तर दोनदा.

खरा दुवा, म्हणजे शेवटाची चाहूल देणारा तपशील, मात्र सुरुवातीलाच पेरायचा, तोही वाक्याच्या मधोमध. 'तिने खिडकी लावली, दोन कप विसळले आणि दिवा मालवला.' ती घरात एकटी आहे हे आधी सांगितलेलं असलं तरी ते दोन कप सहसा खटकत नाहीत, कारण वाक्य अंधारावर संपतं आणि मन तिकडे धावतं. तेच कप वाक्याच्या शेवटी आणले की लगेच डोळ्यांत भरतात.

लपवा, पण खोटं सांगू नका. अगाथा ख्रिस्ती यांच्या 1926 च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्ये (वाचली नसेल तर हा परिच्छेद सोडा) निवेदकच खुनी निघतो. खुनाच्या वेळेबद्दल तो खोटं लिहीत नाही, नेमक्या दहा मिनिटांबद्दल गप्प राहतो. 'सगळं स्वप्न होतं' हा शेवट चिडवतो तो याचमुळे: तिथे आधीचं एकही वाक्य खरं उरत नाही.

भुताचे नियमही असेच पाळावे लागतात. भूत उंबरठा ओलांडू शकत नाही असं ठरवलंत आणि शेवटी ते आत यायला हवंय? मग तिसऱ्या पानावर, दुरुस्तीच्या निमित्ताने, घरातल्याच कुणीतरी तो उंबरठा उखडू दे. नियम शाबूत राहतो आणि भीती दुप्पट होते.

खर्डा दोघा-तिघांना वाचायला द्या. निम्म्यातच ओळखलं, तर दुवा काढू नका, गर्दीच्या वाक्यात हलवा. 'हे कुठून आलं?' असं विचारलं, तर आणखी एक दुवा पेरा.