स्विस खेड्याचा इतिहास लिहायचा कसा? उदाहरण ट्योर्बेलचं

आधी गावाची हद्द पक्की करा. स्वित्झर्लंडमध्ये छोट्या नगरपालिका सतत विलीन होतात. कोरिप्पो हे गाव २०२० मध्ये वेर्झास्का नगरपालिकेत गेलं, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे एका रांगेत मांडले की लोकसंख्या अचानक फुगलेली दिसते. संघराज्याची पहिली जनगणना १८५० ची. तिथून मालिका सुरू करा. नागरी नोंदणी देशभर १८७६ पासून सुरू झाली. त्याआधीचे जन्म-विवाह-मृत्यू चर्चच्या वह्यांत शोधावे लागतात, आणि जर्मन भागात त्यासाठी कुरेंट ही जुनी जर्मन हस्ताक्षराची लिपी वाचता यायला हवी.

सर्वांत मोठी चूक होते ती 'मूळ गावा'पाशी. स्विस पासपोर्टवर जन्मस्थळाऐवजी मूळ गाव असतं आणि ते वारशाने मिळतं. म्हणजे गावच्या मूळ नागरिकांच्या यादीतले कित्येकजण तिथे कधीच राहिलेले नसतात. त्या यादीवरून वस्ती मोजू नका. रहिवाशांची नगरपालिका वेगळी आणि जंगल, कुरणं सांभाळणारी मूळ नागरिकांची संस्था वेगळी. दोन्हींची दप्तरं पाहा.

खरं सोनं सामायिक जमिनीच्या नियमांत आहे. वालिस परगण्यातल्या ट्योर्बेलमध्ये १५१७ चा नियम सांगतो: हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडाव्यात. स्वतःच्या गवताइतकीच गुरं, म्हणून कुरण टिकलं. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक संपत्तीच्या अभ्यासात हेच गाव उदाहरण म्हणून घेतलं. असा एखादा नियम सापडला, तर अर्धं लेखन त्यालाच द्या.