पांढरी दोन, पाच सूर आणि गुरुवारची गच्ची

आमची बैठक दर गुरुवारी रात्री साडेआठला, कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्या गच्चीवर. मी उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा माणूस. तालमीच्या भजनी मंडळात पेटी वाजवतोय त्याला वीसेक वर्षं झाली. गच्चीवर मात्र भजन नसतं, देशी-परदेशी वाद्यं एकत्र वाजतात. काय वाजणार हे बसेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, माइक नसतो, स्पीकर नसतो. ‘आम्हालाही असं जमवायचंय’ म्हणणारे वाढलेत, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

पहिल्या गुरुवारी आम्ही अकरा जण होतो. गिटार, बासरी, कलिंबा (अंगठ्यांनी छेडायच्या धातूच्या पट्ट्यांचं छोटं वाद्य), जेंबे (हातानं वाजवायचा ढोल), हँडपॅन (पोलादी पत्र्याचं, बोटांनी वाजवायचं), पखवाज, चार टाळकरी, आणि माझी पेटी. सगळ्यांनी एकदमच सुरुवात केली. दहा मिनिटांनी आई जिन्यातून ओरडली, “मिरवणूक कुणाची रं?” तेव्हापासून पाचाच्या वर माणूस बसवत नाही. सहावा आला तर ऐकायला बसतो, त्याला चहा मिळतो.

आधी षड्ज, म्हणजे सगळ्यांचा सा, ठरवा. इथंच बहुतेकांचं गणित फसतं. गळा हलवता येतो, तंबोरा उतरवता येतो. बासरी, कलिंबा आणि हँडपॅन यांना स्वतःची पट्टी असते, ती बसल्या जागी बदलत नाही. म्हणून जे हलत नाही त्याच्याकडे बाकीच्यांनी जायचं. आमचा सा पांढरी दोन, म्हणजे इंग्रजीतला ‘डी’, कारण हँडपॅन ‘डी कुर्द’ नावाच्या, डी हा सा धरलेल्या सुरावटीचं आहे. बासरी पांढरी दोनचीच घ्या. गिटारवाल्याला सांगा, सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण सूर उतरव. मग खर्जाकडून तारा लागतात सा, प, सा, म, प, सा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश गिटारवादकानं हे ट्यूनिंग रुळवलं. आमच्या पोराला हे कळल्यावर तो कॉर्ड धरायचं विसरला आणि गिटार तंबोऱ्यासारखी छेडायला लागला. मला तेच हवं होतं.

आता सूर. सतरा पट्ट्यांची कलिंबा बहुतेक पांढरी एकची मिळते, सगळे शुद्ध सूर. तीच कलिंबा पांढरी दोनला सा धरून वाजवली की गंधार (ग) आणि निषाद (नि) कोमल, म्हणजे थोडे उतरलेले, होतात. सात सुरांच्या या मांडणीला काफी थाट म्हणतात. हँडपॅन डी कुर्दमध्ये गंधार, धैवत (ध), निषाद तिन्ही कोमल, म्हणजे आसावरी थाट. दोघांचं भांडण फक्त धैवतावर. एकीचा शुद्ध, दुसऱ्याचा कोमल, एकदम वाजले की दात आंबतात. आम्ही धैवत काढूनच टाकला. पुढं रिषभही सोडला, तेव्हा उरले सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे धानी रागाचे सूर. हेच पाच सूर अमेरिकेतलं ब्लूज वाजवणाऱ्यालाही घरचे वाटतात, त्यामुळे गिटारवाला आणि बासरीवाला पहिल्याच दिवशी एका ताटात जेवायला बसले.

एका जाणत्यानं मला तोंडावर विचारलं, “शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाला दरबारी ठेवलं त्या गावात हे असलं?” बरोबर आहे त्यांचं. म्हणून आम्ही धानीचे सूर घेतो म्हणतो, धानी गातो म्हणत नाही. रागाला चलन, म्हणजे सुरांची ठरलेली चाल असते, ती गुरूपुढं बसून येते. आमच्याकडं नुसते पाच सूर आहेत.

तंबोरा खरा असेल तर उत्तम. मिरज इथून पन्नासेक किलोमीटरवर. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. प, सा, सा, खर्ज असा लावा, जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली घालतात तो) हळूहळू सरकवत आवाज उघडेपर्यंत धीर धरा. तंबोरा नसेल तर पेटीवर सा आणि प दाबून धरा, भाता लांब आणि संथ ठेवा. मोबाइलवरचा तंबोरा मी घरी रियाजाला वापरतो. गच्चीवर तो डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा वाटतो.

हँडपॅनबद्दल चार शब्द जास्त लिहिणार, कारण पत्रा हा माझा विषय. २००० साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नला ‘हांग’ नावाचं वाद्य घडलं, त्याची ही भावंडं. मागची प्रेरणा त्रिनिदादच्या, तेलाच्या पिंपापासून केलेल्या स्टील पॅनची. पोलादी पत्र्याच्या दोन वाट्या, एकमेकींवर पालथ्या चिकटवलेल्या, आणि हातोडीनं ठोकून एकेक सूर बसवलेला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाजवायच्या आधी उलटं करून सांधाच तपासला. जोरात मारू नका. बोट टेकवून लगेच उचला, तव्यावरची भाकरी उलटताना उचलतो तसं. हात रेंगाळला की सूर मरतो.

जेंबे पश्चिम आफ्रिकेतलं, माली-गिनीकडचं, उघड्यावर गावभर ऐकू जावं असलं. गच्चीवर फक्त बोटांची टोकं वापरा. आमच्याकडं जुलैत पाऊस लागला की बकऱ्याचं कातडं सैल पडतं; बल्बजवळ धरून ऊब द्या, शेगडीवर नको. टाळ वाजवायचे तर कडेला कड लावून, नाहीतर कलिंबा कुणालाच ऐकू जात नाही.

लयीसाठी दादरा घ्या. पखवाज सहा मात्रा तीन-तीन अशा मोजतो, जेंबे त्याच सहा दोन-दोन-दोन. एकानं ‘धा धी ना, धा ती ना’ म्हणत पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यावी, दुसऱ्यानं पहिल्या, तिसऱ्या, पाचव्यावर. पहिल्या आठवड्यात हसू येतं. एकदा सम, म्हणजे पहिली मात्रा, सापडली की दोघं सहा मात्रांनी भेटत राहतात, आणि आफ्रिकेतला वादक ज्या खेळावर जगतो तो आपल्या भजनातल्या पखवाजवाल्याला आपलाच वाटतो.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त तंबोरा. हात मांडीवर. मग ज्याला राहवत नाही त्यानं एकच सूर लावावा, आणि दुसऱ्यानं तो संपेपर्यंत थांबावं. ताल पंधरा मिनिटांच्या आत आणायचा नाही, हा माझा हट्ट. पखवाजवाला यावरून दोनदा रुसलाय. शब्द लागले तर एखादाच. मी ‘विठ्ठल’ म्हणतो, कव्वाली ऐकत वाढलेला आमचा बासरीवाला बासरी खाली ठेवून नुसतं ‘हू’, म्हणजे सूफींचं देवाचं नाव, म्हणतो. दोन्ही एकाच षड्जावर टेकतात, त्यावर चर्चा करत बसत नाही. हात भरकटला, आता काय वाजवू असं झालं, तर काही वाजवू नका. एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, गप्प बसलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्याकडं खरंच काहीतरी असतं.

थांबायची खूण आधीच ठरवा. आमच्यात मी भाता सोडतो. लय वाजवणारे पुढच्या समेवर थांबतात, मग गळा, आणि शेवटी उरतो तंबोरा. तो आणखी मिनिटभर चालू द्या. टाळ्या नकोत. तंबोरा गवसणीत घाला, जेंबे आत न्या. आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक रात्रीच खरवडून काढा, सकाळपर्यंत तिचा दगड होतो.